पहिल्या सुरुंगाआधी

सोन्याच्या उघड्या खाणीत एक टन खनिज दगडामागे सोने मिळते ते सहसा 1 ते 4 ग्रॅम. टनाला 3 ग्रॅम धरले, तरी एका तोळ्यासाठी जवळपास 4 टन दगड पिठासारखा दळावा लागतो. तो दगड हाती यावा म्हणून त्याच्या कितीतरी पट बिनसोन्याचा दगड आधी फोडून बाजूला टाकावा लागतो. म्हणून सोन्याची खाण हा व्यवहारात दगडाचा, दळलेल्या गाळाचा आणि या दोन्हींतून झिरपणाऱ्या पाण्याचा उद्योग असतो. सोन्याच्या विटा विमानाने निघून जातात. बाकीचे सारे जागेवरच राहते, आणि खाण दहा वर्षांत संपली तरी ते पुढे शेकडो वर्षे तिथे असते. हा दगड कुठे रचायचा, गाळ कशात साठवायचा, पाणी कुठून कुठे न्यायचे आणि शेवटी हे सगळे कोणाच्या भरवशावर सोडायचे, हे ठरवण्याची वेळ पहिल्या सुरुंगाच्या आधीची. एकदा लाखो टन दगड चुकीच्या जागी पडला, की तो उचलून दुसरीकडे नेणे सहसा कोणत्याच खाणीला परवडत नाही.

ही तयारी प्रत्यक्षात कशी होते हे कॅनडाच्या उत्तर टोकाकडील मेडोबँक या खाणीवरून चांगले कळते. नुनावुत प्रदेशातील बेकर लेक या सुमारे 2,000 वस्तीच्या गावाच्या उत्तरेला सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटरवर ही खाण आहे. भोवती एकही झाड नाही; दगडफुलाच्या जातीची वाढ, शेवाळ, खुरटी झुडपे, उघडा खडक आणि एकाला एक लागून असलेली सरोवरे. जमीन शेकडो मीटर खोलपर्यंत बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात फक्त वरचा मीटर-दोन मीटरचा थर वितळतो. हिवाळ्यात सरोवरांवर सुमारे 2 मीटर जाडीचा बर्फ धरतो. सोने सापडले ते नेमके या सरोवरांच्या काठाला आणि तळाखाली. शोधकाम कंबरलँड रिसोर्सेस या कंपनीने केले, 2007 मध्ये ती अॅग्निको-ईगल या कंपनीने विकत घेतली आणि 2010 मध्ये सोने निघू लागले. मधल्या काळात तिथे जे घडले तोच या लेखाचा विषय.

जमिनीच्या मालकीचा प्रश्न इथे इतर अनेक खाणींपेक्षा स्पष्ट होता. 1993 च्या करारानुसार नुनावुतमधील सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन इनुइट लोकांच्या मालकीची ठरली, आणि खाणीची जागा त्यातच येते. त्यामुळे कंपनीला सरकारच्या परवान्याबरोबरच किवाल्लिक इनुइट असोसिएशन या स्थानिक संस्थेशी भाडे, नोकऱ्या, कंत्राटे आणि नुकसानभरपाई यांचा करार करावा लागला. हा हक्क सहज मिळालेला नाही. बेकर लेकच्या इनुइटांनी 1970 च्या दशकात युरेनियमच्या शोधकामाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. विमाने, हेलिकॉप्टर आणि छावण्यांमुळे कॅरिबू हरणांचे कळप बिथरतात, असे त्यांचे म्हणणे होते. 1979 च्या निकालात न्यायालयाने जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य केला, मात्र शोधकामामुळेच कॅरिबू घटले हे सिद्ध झाले नाही, असे म्हणून शोधकामाला कायमची मनाई केली नाही. काम सुरू होण्याआधी कळप किती मोठे होते आणि कोणत्या वाटेने जात होते याची भक्कम नोंद हाती नसेल, तर असा पुरावा उभा करणे किती कठीण असते हे या खटल्यातून दिसते.

नियोजनाची पहिली पायरी म्हणूनच पूर्वस्थितीची नोंद ही असते. अजून काहीही बदललेले नाही अशा जागेचे मोजमाप. सरोवराचे पाणी वेगवेगळ्या खोलीवर आणि वेगवेगळ्या ऋतूंत तपासायचे, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. तळातला गाळ, त्यातले किडे, पाण्यातले सूक्ष्म जीव, माशांच्या जाती, त्यांचे वय आणि त्यांच्या मांसातील धातूंचे प्रमाण नोंदायचे. वारा कुठून येतो, धूळ किती असते, बर्फ किती पडतो, वितळताना ओढ्यांना किती पाणी येते, जमिनीचे तापमान कोणत्या खोलीवर किती, पक्षी कुठे घरटी करतात, हेही मोजावे लागते. ज्या खडकात सोने असते त्यात आर्सेनिकही बऱ्याचदा असतेच, आणि ते पाण्यात थोडेफार नैसर्गिकरीत्याच उतरलेले असू शकते. आधीचा आकडा नसेल, तर दहा वर्षांनी पाण्यात सापडलेले आर्सेनिक खाणीचे की खडकाचे, हा वाद कधीच मिटत नाही. म्हणून खाणीच्या पाण्याचा स्पर्श न होणाऱ्या दूरच्या एखाद्या सरोवराचीही तशीच नोंद समांतर ठेवतात. दोन्हीकडे बदल झाला तर तो हवामानाचा, एकीकडेच झाला तर तो खाणीचा.

मेडोबँकच्या सरोवरांविषयी या नोंदींतून एक गोष्ट पुढे आली, आणि तिने पुढचे बरेच निर्णय ठरवले. इथले पाणी अतिशय स्वच्छ आणि अतिशय मृदू आहे. त्यात कॅल्शियमसारखे क्षार फार थोडे. पाणी जितके मृदू, तितके तांबे किंवा जस्त माशांना लवकर बाधते, कारण कल्ल्यांवर धातूंशी स्पर्धा करणारे क्षारच पाण्यात नसतात. दुसऱ्या एखाद्या नदीत खपून गेले असते ते प्रमाण इथे घातक ठरू शकते. म्हणजे दुसऱ्या खाणीचे मापदंड उचलून इथे लावण्याची सोय नव्हती.

माणसांच्या खुणांचीही नोंद झाली. तंबूच्या कडा दाबायला वर्तुळात मांडलेले दगड, मांस साठवायच्या दगडी कणग्या, वाट दाखवणारे दगडी उभे थर असे अवशेष या प्रदेशात सर्वत्र आहेत. अनोळखी माणसाला ते नुसते पडलेले धोंडे वाटतात. गावातल्या वृद्धांना सोबत घेतल्याशिवाय ही पाहणी होऊच शकत नाही, आणि कॅरिबूंच्या वाटा, माशांच्या अंडी घालण्याच्या जागा यांविषयीही त्यांचे ज्ञान कोणत्याही एका हंगामाच्या सर्वेक्षणापेक्षा खोल असते.

नुनावुत इम्पॅक्ट रिव्ह्यू बोर्ड या मंडळाने प्रकल्पाची छाननी केली. गावागावांत सुनावण्या झाल्या, बोलणे इनुक्टिटुट भाषेतही होत होते, आणि 2006 च्या अखेरीस मंडळाने अटींसह प्रकल्पाला प्रमाणपत्र दिले. पाणी वापरण्याचा आणि सोडण्याचा परवाना वेगळ्या मंडळाकडून 2008 मध्ये मिळाला. भारतातही अशीच साखळी आहे. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीसाठी अभ्यासाची व्याप्ती ठरवणे, जनसुनावणी आणि तज्ज्ञ समितीची छाननी हे टप्पे ओलांडावे लागतात, आणि सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रकल्पाच्या जवळपास घेते. फरक आहे तो नोंदींच्या खोलीत. आपल्याकडे बहुतेक अहवाल पावसाळा वगळून एका हंगामाच्या मोजमापावर उभे असतात. ज्या देशात वर्षभराचे पाणी चार महिन्यांत पडते, तिथे पावसाळा वगळून केलेली नोंद ही अपुरी नोंद आहे.

आता दगडाकडे. खाणीच्या पर्यावरणीय नियोजनातला सर्वांत कमी माहीत असलेला आणि सर्वांत निर्णायक भाग प्रयोगशाळेत घडतो. अनेक खडकांत गंधकयुक्त खनिजे असतात, मुख्यतः लोह आणि गंधकाचे पायराइट. जमिनीखाली हवा नसते तोवर ती निमूट असतात. सुरुंगाने फोडून ढिगात टाकली, की हवा आणि पाणी लागून त्यांचे आम्ल बनते, आणि आम्ल खडकातले धातू विरघळवून पाण्यात आणते. ही क्रिया एकदा जोमात सुरू झाली की थांबवणे फार अवघड. युरोपात जुन्या खाणींच्या ढिगांतून शेकडो वर्षांनंतरही आम्लाचे पाणी झिरपते आहे. पण त्याच खडकात चुनखडीच्या जातीची खनिजे असतील, तर ती आम्ल मारून टाकतात. तेव्हा प्रश्न हिशेबाचा आहे: आम्ल किती होऊ शकते आणि ते मारायची ताकद किती?

हा हिशेब शोधकामात काढलेल्या खडकाच्या शेकडो नमुन्यांवर केला जातो. नमुना दळून त्यातील गंधकाचे प्रमाण मोजतात. एक टक्का गंधक म्हणजे टनामागे सुमारे 31 किलो चुनखडी खाऊन टाकील इतके आम्ल. मग त्याच चुऱ्याची आम्ल मारायची क्षमता काढतात. क्षमता आम्लाच्या दुपटीहून जास्त असेल तर दगड निर्धोक, आम्लापेक्षा कमी असेल तर आम्ल बनवणारा, मधले सारे संशयास्पद. संशयास्पद दगडासाठी सावकाश चालणारी चाचणी असते. किलोभर फोडलेला दगड नळकांड्यात भरायचा, तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट हवा, सातव्या दिवशी पाण्याने धुऊन त्या पाण्यात काय उतरले ते पाहायचे; आणि हे आठवड्यामागून आठवडे, निदान वीस आठवडे, बऱ्याचदा वर्षाहून जास्त. आर्सेनिकच्या बाबतीत तर आम्ल झाले नाही तरीही ते साध्या पाण्यात उतरू शकते, त्यामुळे 'आम्ल नाही' म्हणजे 'धोका नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. घाईत असलेल्या कंपनीला ही चाचणी नकोशी वाटते. पण खाणीच्या आयुष्यात दगडाला प्रश्न विचारण्याची इतकी स्वस्त संधी पुन्हा येत नाही.

मेडोबँकच्या खडकांत दोन्ही प्रकार निघाले. लोहयुक्त थर आणि काही ज्वालामुखीजन्य खडक आम्ल बनवणारे होते. अल्ट्रामाफिक नावाने ओळखला जाणारा, मॅग्नेशियमने समृद्ध खडक आम्ल मारणारा होता. यावरून योजना ठरली. चांगला दगड रस्ते, बांध आणि शेवटी ढिगांवरचे आच्छादन यांसाठी राखून ठेवायचा, वाईट दगड एका जागी रचायचा. खाण चालू झाल्यावरही प्रत्येक सुरुंगाच्या छिद्रातून निघालेला चुरा तपासून कोणता भाग कुठे जाणार हे ट्रक भरण्याआधी ठरते. गावापासून खाणीपर्यंतच्या रस्त्यासाठी खडी काढली तीही तपासूनच, कारण आम्ल बनवणाऱ्या खडीचा 110 किलोमीटरचा रस्ता म्हणजे 110 किलोमीटर लांब प्रदूषण झाले असते.

दगडाचे रसायन आधी न पाहता केलेल्या खाणीचे काय होते, याचे उदाहरण उत्तर कॅनडातच आहे. यलोनाइफ शहराला लागून असलेल्या जायंट माइनमध्ये 1948 पासून सोने काढले गेले. तिथले सोने आर्सेनिकच्या खनिजात अडकलेले असल्याने दगड भट्टीत भाजावा लागे आणि धुरातून आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी बाहेर पडे. सुरुवातीच्या वर्षांत ती मोकळी हवेत जात होती. 1951 मध्ये त्या आर्सेनिकची बाधा होऊन डेने समाजातील एक लहान मूल दगावले. पुढे भुकटी पकडून खाणीच्या पोकळ्यांत भरली गेली. आज तिथे जमिनीखाली 2,37,000 टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड आहे. मालक कंपनी 1999 मध्ये दिवाळखोर झाली, आणि जागा सुरक्षित करण्याचा सरकारने 2022 मध्ये जाहीर केलेला खर्च 438 कोटी कॅनेडियन डॉलर आहे. भुकटी बाहेर काढून नेणे धोक्याचे असल्याने ती आहे तिथेच गोठवून ठेवण्याचा उपाय निवडला आहे. हा सगळा पैसा जनतेचा.

जागेची प्रत्यक्ष तयारी रस्त्याने सुरू झाली. बेकर लेकला बाहेरून जोडणारा रस्ता नाही. इंधन, सिमेंट, यंत्रे हे सगळे हडसन उपसागरातून चेस्टरफील्ड इनलेट या खाडीमार्गे जहाजांनी येते, तेही बर्फ वितळलेला असतो त्या थोड्या महिन्यांतच. त्या हंगामात एखादा सुटा भाग चुकला तर वर्षाची खोटी. गावाच्या काठावर इंधनाच्या टाक्या उभ्या राहिल्या, त्यांच्याभोवती गळती अडवणारे अस्तर लावलेले बांध आले, आणि गावापासून खाणीपर्यंतचा रस्ता 2008 मध्ये पूर्ण झाला. गोठलेल्या जमिनीवर रस्ता बांधताना खोदकाम टाळतात. वरचा शेवाळी थर जमिनीला थंड ठेवतो; तो काढला की खालचा बर्फ वितळून जमीन खचते. म्हणून तो थर तसाच ठेवून त्यावर खडीचा जाड भराव टाकतात. ओढ्यांवर पूल आणि मोऱ्या घातल्या त्या माशांना वरच्या अंगाला जाता येईल अशा. कॅरिबूंचे कळप स्थलांतराच्या काळात रस्त्याजवळ आले की वाहतूक मंदावते किंवा थांबते, आणि त्यासाठी गावातील शिकारी व सापळे लावणारे यांच्या संघटनेची नजर कामी येते.

सर्वांत मोठे आणि सर्वांत नाजूक काम होते सरोवर अडवण्याचे. सोने तळाखाली असल्याने सरोवराचा एक भाग बांधाने तोडून कोरडा करणे भाग होते. पाणी मोकळे असते त्या काही आठवड्यांत ट्रकमागून ट्रक दगड पाण्यात लोटून भराव पुढे सरकवला गेला. नुसत्या दगडाच्या भरावातून पाणी आरपार जाते; म्हणून मधल्या भागात बारीक खडी भरून तीत खोल खंदक खणायचा आणि तो माती आणि बेंटोनाइट यांच्या मिश्रणाने भरायचा. बेंटोनाइट पाण्यात फुगते आणि भेगा बंद करते. त्याखालच्या खडकातील फटींत सिमेंटची पिचकारी मारायची. अशा बांधाच्या एका बाजूला भरलेले सरोवर आणि दुसऱ्या बाजूला शंभर मीटरहून खोल खड्डा असणार, म्हणून बांधाच्या पोटात तापमान, पाण्याचा दाब आणि हालचाल मोजणारी उपकरणे बांधतानाच बसवली जातात.

पाण्यात दगड टाकला की गाळ उसळतो. तो पसरू नये म्हणून भरावाभोवती पाण्यात कापडी पडदे सोडले जातात. वर तरंगणारे दोर, खाली वजन. मेडोबँकमध्ये हे पडदे पुरे पडले नाहीत. बांधकामाच्या पहिल्या हंगामांत गढूळपणा परवान्यातील मर्यादेपलीकडे गेला, आणि सरोवरातील जीवांवर त्याचा काय परिणाम झाला याचा वेगळा अभ्यास करावा लागला. लेक ट्राउट हा इथला मुख्य मासा शरद ऋतूत धोंड्यांच्या फटींत अंडी घालतो. त्या फटींत गाळ बसला तर अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. अहवालात पडदा चोख काम करतो. प्रत्यक्षात वाऱ्यात आणि लाटांत तो उचलला जातो, फाटतो. परिणामाचा हा अभ्यास करता आला तो आधीच्या वर्षांच्या नोंदींमुळे. तुलना करायला आकडे होते.

बांध पुरा झाला की आतले मासे अडकतात. कॅनडाच्या नियमांप्रमाणे पाणी उपसण्याआधी ते काढून घ्यावे लागतात. 2008 मध्ये सेकंड पोर्टेज सरोवराच्या तोडलेल्या भागात हे काम झाले. जाळी लावायची, मिळालेल्या माशाची जात, लांबी, वजन नोंदायचे, काहींच्या कानातल्या हाडावरून वय काढायचे. जाळ्यात येणारी संख्या जवळपास शून्यावर येईपर्यंत हे चालू ठेवायचे. लेक ट्राउट, आर्क्टिक चार, व्हाइटफिश असे मासे निघाले. खाण्याजोगे मासे बेकर लेकच्या लोकांना देण्यात आले. एवढ्या थंड पाण्यात मासा अतिशय सावकाश वाढतो. लेक ट्राउट दशकानुदशके जगतो. त्यामुळे एका हंगामात काढलेला हा साठा कित्येक पिढ्यांचा साठा असतो, आणि तो मोजण्याची ही संधी शास्त्रज्ञांसाठी मोलाची असली तरी तिची किंमत फार मोठी आहे. गमावलेल्या अधिवासाची भरपाई म्हणून बांधाच्या बाहेरच्या उतारावर अंडी घालण्याजोगे दगड रचणे, आणि खाण संपल्यावर खड्डे भरून त्यांच्या काठांना उथळ भाग तयार करणे हे आराखड्यात होते.

उपसाही सरळ नसतो. वरचे पाणी स्वच्छ असते, ते शेजारच्या सरोवरात सोडता येते. पातळी खाली गेली की तळातला शतकांचा मऊ गाळ ढवळतो, आणि ते पाणी प्रक्रिया केल्याशिवाय सोडता येत नाही. इथपासून खाणीच्या जागेवर दोन प्रकारचे पाणी वेगळे ठेवले जाते: खाणीला न लागलेले पाणी चर खणून बाहेरच्या बाहेर वळवायचे, आणि खाणीला लागलेले प्रत्येक थेंब पाणी एका जागी गोळा करायचे. सुरुंगाच्या स्फोटकांतील अमोनियम नायट्रेटचे अवशेषही याच दुसऱ्या पाण्यात येतात. स्फोटाच्या हादऱ्यांनी माशांची अंडी मरू शकतात, म्हणून अंडी असलेल्या जागी हादऱ्याचा वेग सेकंदाला 13 मिलिमीटरच्या आत राहील एवढाच सुरुंग भरावा, असे कॅनडाचे मार्गदर्शक तत्त्व आहे.

दळलेल्या दगडाचा गाळ, ज्याला खाणकामात टेलिंग्ज म्हणतात, कोरड्या केलेल्या सरोवराच्या भागातच बांधांमागे साठवायचा असे ठरले. बांधाची जागा निवडताना त्याखालची जमीन किती खोलवर तपासली आहे, यावर सगळे अवलंबून असते. 4 ऑगस्ट 2014 रोजी कॅनडातच, ब्रिटिश कोलंबियातील माउंट पॉली या तांबे-सोन्याच्या खाणीचा बांध फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ हेझलटाइन ओढ्यातून क्वेनेल सरोवरात गेला. चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांना कारण सापडले ते बांधाखाली काही मीटरवर असलेल्या, हिमयुगातील सरोवरात साचलेल्या चिकणमातीच्या थरात. वर बांधाचे वजन वाढत गेले तसा तो थर कमकुवत होऊन सरकला. त्या ठिकाणी पुरेशा खोल विंधनछिद्रांनी तो वेळीच ओळखता आला असता. बांधाचा बाहेरचा उतार आराखड्यापेक्षा जास्त तीव्र ठेवला गेला होता, त्याने भर घातली.

बांध भक्कम असूनही पाण्याचा हिशेब चुकला तर तेच होते. 30 जानेवारी 2000 रोजी रुमानियातील बाया मारे येथे पाऊस आणि वितळता बर्फ यांनी तलाव भरून बांध फुटला आणि सायनाइडमिश्रित सुमारे 1,00,000 घनमीटर पाणी नद्यांतून हंगेरीतील टिसा आणि पुढे डॅन्यूबपर्यंत गेले. वाटेत माशांचा संहार झाला. सारे पाणी आतल्या आत फिरते ठेवायचे अशी योजना होती, पण जास्तीच्या पाण्यासाठी सुरक्षित वाट ठेवलेली नव्हती. या दुर्घटनेनंतर सायनाइडच्या वाहतुकीपासून विल्हेवाटीपर्यंतची आंतरराष्ट्रीय संहिता तयार झाली. मेडोबँकच्या कारखान्यात गाळ बाहेर पडण्याआधी सल्फर डायऑक्साइड आणि हवा वापरून सायनाइडचे विघटन केले जाते.

मेडोबँकच्या आराखड्यात थंडी हेच मुख्य साधन मानले गेले. गाळ आणि आम्ल बनवणारा दगड हळूहळू गोठेल, वर सुमारे 4 मीटर निर्धोक दगडाचे आच्छादन असेल, उन्हाळी वितळणे त्या आच्छादनातच थांबेल आणि आतल्या गोठलेल्या दगडापर्यंत पाणी व हवा पोचणार नाहीत, असा तो हिशेब. ढिगांत पुरलेले तापमापक तो खरा ठरतो का ते सांगतात. मात्र उत्तर ध्रुवाकडील प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे. म्हणून आच्छादनाची जाडी आजच्या थंडीवर ठरवून भागत नाही. ती पुढच्या शतकातल्या उन्हाळ्यांना पुरावी लागते.

उष्ण देशात हे साधन नसते, आणि तिथे मातीचा थर आधी काढून जपणे, झाडोरा, पावसाचे चर आणि गाळ बसवणारे तलाव यांवर भर द्यावा लागतो. कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्समध्ये शतकभराहून जास्त काळ खाणकाम झाले आणि 2001 मध्ये खाण बंद झाली. मागे राहिले ते 3 कोटी टनांहून जास्त टेलिंग्जचे डोंगर, ना खाली अस्तर, ना वर आच्छादन. वाऱ्याच्या दिवसांत त्यांची भुकटी वस्तीत येते. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींचे ढीग पावसात धुपून शेतांत आणि नाल्यांत उतरले. दोन्हीकडे खाण सुरू करणाऱ्यांनी शेवट कसा करायचा हे ठरवलेलेच नव्हते.

आता कॅनडासह अनेक देशांत खाण बंद करण्याचा आराखडा परवाना मिळण्याआधी द्यावा लागतो आणि त्याच्या खर्चाची हमी रोख किंवा बँकेच्या हमीपत्राच्या रूपात सरकारकडे आणि जमीनमालकाकडे ठेवावी लागते. कंपनी बुडाली तरी पैसा असतो. मेडोबँकसाठीही सरकार आणि इनुइट संस्था या दोघांकडे अशी ठेव आहे. खड्डे सरोवराच्या पाण्याने वर्षानुवर्षे सावकाश भरायचे, आणि आतले पाणी ठरलेल्या दर्जाचे आहे हे सिद्ध झाल्यावरच बांध फोडून ते पुन्हा सरोवराला जोडायचे, अशी अट आहे. तोवर बांधाला हात लावता येत नाही.

मूळ खड्ड्यांतले खाणकाम 2019 मध्ये संपले, पण कारखाना थांबला नाही. सुमारे 50 किलोमीटरवरच्या नव्या खाणीतला दगड तिथे येऊ लागला. त्याच्या गाळासाठी जागा हवी होती, म्हणून तो रिकाम्या खड्ड्यांतच सोडण्याची परवानगी मागितली गेली आणि मिळाली. त्याने जमिनीवर नवा बांध टळला. पण ज्या खड्ड्यांचे पुढे सरोवर व्हायचे त्यांच्या तळाशी आता गाळ आहे, आणि खड्ड्यातील पाणी कधी आणि किती स्वच्छ होईल याचे सगळे गणित नव्याने मांडावे लागले.